हन्नाबाईंनी धरलेल्या एकादश्या

माझं एक जवळजवळ ठरलेलं लग्न हन्नाबाईंनी मोडलं. मुद्दाम नव्हे. मुलाकडची माणसं पनवेलच्या दवाखान्यात जाऊन त्यांना विचारून आली, "मुलगी तुमच्या शेजारची. स्वभावाला कशी आहे?" दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, अहो, गाय आहे अगदी! हन्नाबाई म्हणाल्या, "कामसू आहे. खोटं बोलत नाही. पण तापट आहे." झालं. चार दिवसांत पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला.

मी तणतणत त्यांच्या दारात गेले. त्या ओटीवर बसून इंजेक्शनच्या सुया उकळत होत्या. म्हणाल्या, "विचारलं म्हणून सांगितलं. आपणहून सांगायला गेले होते का मी?" आणि वर माझ्याकडे नीट बघून, "आता तूच बघ, आत्ता काय करते आहेस."

कपाळ माझं! पुढे दोन वर्षांनी ज्यांच्याशी माझं लग्न झालं त्यांनीही हन्नाबाईंनाच विचारलं होतं आणि त्यांनाही तेच उत्तर मिळालं होतं. आमचे हे म्हणाले, तापट चालेल. आजतागायत चालवून घेताहेत.

हन्नाबाई बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू. पनवेलात तेव्हा त्यांची बरीच घरं होती. बोलणं आमच्यासारखंच मराठी, हातात हिरव्या बांगड्या. फरक दिसायचा तो दारात. त्यांच्या चौकटीला एक लहानशी डबी तिरकी ठोकलेली होती, आत त्यांच्या धर्मवचनांची गुंडाळी. येता-जाता हन्नाबाई तिला बोटं लावून ती बोटं ओठांना लावत. नवरा रेल्वेत होता, तो लग्नानंतर पाच-सहा वर्षांतच गेला. मूलबाळ नाही. भावाच्या घरात पुढची खोली त्यांची, आणि सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, काखेत बाराही महिने काळी छत्री. पनवेलात राहून त्या कोळंबी खात नसत, यावरून सगळी गल्ली त्यांची कीव करायची. खवल्यांचा मासा चालतो, बिनखवल्यांचं काही नाही, असं त्यांच्या शास्त्रात होतं आणि शास्त्र म्हणजे शास्त्र. मटण खाल्लं की पुढे कितीतरी तास दुधाचा चहासुद्धा नाही. आमच्या शाकाहारी घरात मात्र त्या निर्धास्त जेवत. "तुमच्याकडे बरं असतं वहिनी, काही विचारावं लागत नाही," असं आईला म्हणत. बाहेरचा कुठलाही डबा, बाटली, बिस्किटाचा पुडा हातात आला की आधी उलटा करून त्यावरचं बारीक इंग्रजी वाचत. कुणाची चरबी-बिरबी घातलेली नाही ना! ही त्यांची सवय लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "विचारलंत तर खरं सांगेन. नाही विचारलंत तर माझं तोंड बंद." लोकांना यातला दुसरा भाग कळायचाच नाही. त्यांना वाटायचं, हन्नाबाई फटकळ आहेत. फटकळ मी. त्या कुणाच्या भानगडीत पडत नसत. फक्त त्यांच्यासमोर प्रश्न ठेवला की उत्तर खरंच यायचं, मग समोर कुणी असो.

कोन गावात एकदा त्या बाळंतपणाला गेल्या होत्या. घर मिठागरवाल्यांचं. सुनेला मुलगी झाली, आणि पलीकडे खाटेवर सासू शेवटचे दिवस मोजत पडलेली. म्हातारीचा मुलगा हात जोडून म्हणाला, "बाय, म्हातारी नातवासाठी जीव धरून हाय. पोरगा झाला म्हनून सांग. तिला काय दिसतंय?" हन्नाबाई म्हणाल्या, "तूच सांग. तिला मात्र मला विचारू देऊ नकोस." म्हातारीचे कान शाबूत होते. तिने नेमकं विचारलं, "बाय, काय झालं?" "मुलगी. चांगली सात पौंडांची." घरातली माणसं एकमेकांकडे बघू लागली. म्हातारी म्हणाली, "मंग इथं मानसं काय बगत बसलीत? आनून दाकवा की." ती म्हातारी पुढे दोन महिने जगली आणि नातीला मांडीवरून खाली ठेवेना. हन्नाबाई हे सांगताना अजिबात हसत नसत. खरं सांगितल्याने भलं झालं, असा काही त्यांचा दावा नव्हता. "वाईटही झालं असतं," म्हणत, "पण मला दुसरं येत नाही."

मग आमच्या आईच्या आजारपणात वाईटच झालं.

आईला क्षय झाला होता. घरात हा शब्द उच्चारायची चोरी. बाहेर विचारलं तर 'छातीचा आजार'. माझे वडील, नाना, मामलेदार कचेरीत कारकून. मी मुलींच्या शाळेत मास्तरीण, लग्न व्हायचं होतं. घरात तिघंच. डॉक्टरांनी रोज एक इंजेक्शन लिहून दिलं होतं, ते टोचायला हन्नाबाई सकाळी ड्यूटीवर जाताना येत. डॉक्टर म्हणाले होते, "इंजेक्शन रोगाशी लढेल हो, पण लढायला खाली जमीन तर हवी. वजन वाढवा. नाही वाढलं, तर मी काही सांगू शकत नाही." आई तेव्हा इतकी हलकी झाली होती की तिला उचलून उन्हात बसवायला मी एकटी पुरत असे. जेवणाचा घास तोंडात फिरत राहायचा. म्हणून त्यांनी माल्टची पावडर लिहून दिली. दुधातून दिवसातून तीनदा.

नानांनी मुंबईहून डबा आणला. तपकिरी पावडर, भाजल्यासारखा गोडसर वास. पनवेलची दमट हवा. आठ दिवसांत ती डब्यात दगडासारखी बसली. मग उलथन्याच्या टोकाने खणून काढायची, कोमट दुधात आधी चमचाभर घोटायची, मग वरून दूध. गुठळी राहिली की आई कप बाजूला ठेवायची. तीन महिन्यांत मी त्यात अशी तरबेज झाले होते की विचारू नका.

आता आईचे उपास. दोन्ही एकादश्या, संकष्टी आणि सोमवार. आजारात सोड म्हणून डॉक्टरांनी सांगितलं, नानांनी सांगितलं, मी तर भांडले. ती म्हणे, "उपासाचे दिवस सोडून एरवी सगळं खाते ना मी? आणि उपासाला तुमची ती दुधाची पूड घेतेच आहे." आमच्या घरात सगळे त्याला दुधाची पूडच म्हणायचे. दुधातून प्यायची पांढरट-तपकिरी पूड, डब्यावर गाईचं चित्र. आणखी काय असणार? उपासाच्या दिवशी आई तीनऐवजी चार कप घ्यायची. तेवढंच तिच्या पोटात जायचं, आणि तेवढ्यानेच वजनाचा काटा दोन-अडीच पौंड सरकला होता.

एका सकाळी इंजेक्शन देऊन झालं. मी दूध घोटत होते. हन्नाबाईंनी सवयीने डबा उचलला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेला. आईला हसू आलं. "काय लिहिलंय हो हन्नाबाई? आमच्या डब्यात कसली चरबी सापडणार तुम्हाला?"

"चरबी नाही," हन्नाबाई वाचत म्हणाल्या. "जव, गहू आणि दूध."

आईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे बदलले. "गहू?"

"गहू. आधी जव, मग गहू, मग दूध."

नाना कचेरीत दिवसभर इंग्रजी कागद वाचायचे. त्यांनी डब्यावरचं वाचलं होतं की नाही, देव जाणे. त्या क्षणी ते चपला शोधायला घाईघाईने बाहेर गेले, एवढं मी पाहिलं.

आईने बोटांवर मोजलं. सोमवार सोडून नऊ उपास मोडले होते, तेही गव्हाने! ती रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "तो डबा माझ्यासमोरून ने." उपासापुरता नव्हे, कायमचाच. आणि मोडलेले नऊ ती भरून काढणार होती, नुसत्या पाण्यावर.

मी हन्नाबाईंना अंगणात गाठलं. काय काय बोलले ते आता आठवलं तरी लाज वाटते. "जीभ आवरता आली नाही तुम्हाला? दूध आहे म्हणायला काय जात होतं?"

"मला विचारलं तिने."

"आणि ती मेली म्हणजे? तेव्हाही असंच म्हणा, विचारलं म्हणून सांगितलं!"

त्यांनी छत्री या हातातून त्या हातात घेतली. तशाच गेल्या. मला वाटलं, उद्यापासून येणार नाहीत. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळेला आल्या, सुई टोचली, गेल्या. असे बारा-पंधरा दिवस गेले. आईने त्यात दोन उपास नुसत्या पाण्यावर केले. एरवी मी कप पुढे केला की मान फिरवायची. साधं दूध दिलं तर दोन घोट पिऊन उरलेलं माझी पाठ वळली की खिडकीतून जास्वंदीला घालायची. दवाखान्यात वजन केलं तर मिळवलेलं सगळं गेलं, वर आणखी गेलं. डॉक्टर माझ्यावर खेकसले. मी शाळेत जाऊन मुलींवर खेकसले. आई आता जाते, हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा खरं वाटलं, आणि मी फार घाबरले.

त्या रविवारी हन्नाबाई दुपारच्या आल्या. पिशवी नव्हती. आईच्या खाटेपाशी स्टूल ओढून बसल्या.

"वहिनी, आमच्यात आजारी माणसाने उपास धरला तर ते पाप समजतात."

"ते तुमच्यात," आई म्हणाली.

"खरं आहे. मग तुमच्यात काय असतं? आजारी पडलं तर?"

आईने जरा विचार केला. "तुमच्यापाशी कशाला लपवू? घरातलं दुसरं कुणी आपल्या नावाने धरतं. पण यांना पोटाचं दुखणं, उपाशी राहिले की आडवे होतात. आणि ही..." तिने माझ्याकडे हनुवटी केली. "हिने आषाढी एकादशीला शाळेत कांदाभजी खाल्ली होती. हिच्या भरवशावर मी देवाला काय सांगू?"

खाल्ली होती. इतर बायकांनी मागवली, मी विसरून खाल्ली. पण आमच्या घरात ती भजी माझ्या जन्माला पुरली.

हन्नाबाई म्हणाल्या, "माझ्यावर भरवसा आहे?"

"तुमच्यावर नाही तर कुणावर?"

"मग मी धरते. तुमच्या एकादश्या आणि ती चतुर्थी. सोमवार नाही जमणार, सोमवारी लस टोचायची असते, मुलं रडून रडून जीव खातात."

आई उठूनच बसली. "अहो, तुमचा धर्म..."

"तुमच्या देवाच्या नावाने मी नाही धरणार. ते मला करता येणार नाही, आधीच सांगते. मी उपाशी राहीन, प्रार्थना माझ्या देवाची करीन. तुमच्या जागी उपाशी राहायचंय, एवढंच. चालत असेल तर बघा."

आई बराच वेळ पांघरुणाचा काठ चोळत बसली. मग म्हणाली, "भूक तर तीच ना. चालेल. सोमवारचं मी बघते, शंकर भोळा आहे, तो चालवून घेईल." आणि जरा थांबून, "मोडलेले नऊ?"

"तेही माझे. दर गुरुवारी एक. डब्यावरचं मीच वाचलं ना!"

मी त्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले. तोंडातून माफीचा शब्द निघत नव्हता, म्हणून भलतंच विचारलं. "तुमच्यात असं दुसऱ्यासाठी धरलेलं चालतं?"

"छे! आमच्यात ज्याचा उपास त्याने धरायचा. दुसऱ्याने धरलेला लागू होत नाही."

"मग आईला का नाही सांगितलंत?"

"तिने विचारलं नाही," म्हणाल्या आणि छत्री उघडून चालू लागल्या.

त्यांचा उपास कसा असतो हे मला मागाहून कळलं. आमच्या उपासाला साबुदाण्याची खिचडी, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस. त्यांच्यात उपास म्हणजे आदल्या संध्याकाळपासून दुसऱ्या संध्याकाळी चांदण्या दिसेपर्यंत अन्न नाही आणि पाण्याचा थेंबही नाही. त्यांना दुसऱ्या तऱ्हेचा उपास ठाऊकच नव्हता. आमची एकादशीसुद्धा त्या तशीच धरत होत्या, आणि आम्ही कुणी विचारलं नव्हतं म्हणून बोलल्या नव्हत्या.

वैशाखात मी दवाखान्यात आईचं औषध आणायला गेले. हन्नाबाई नेरे गावाच्या बाजूला बाळंतपण उरकून नुकत्याच परतल्या होत्या, अर्धी वाट बैलगाडी आणि अर्धी चालत. बाकावर टेकल्या होत्या, ओठांना भेगा पडलेल्या. मी माठातलं पाणी पुढे केलं. त्यांनी मान हलवली. "आज तुझ्या आईची एकादशी."

"अहो, एकादशीला पाणी चालतं!"

"तुमच्यात चालतं."

"एक घोट घ्या. आईला कोण सांगायला जातंय?"

"संध्याकाळी ती मला विचारते," त्या म्हणाल्या. "धरलात का, म्हणून विचारते. मग मी काय सांगू?"

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती म्हणेल, त्यांना म्हणावं पाणी प्या. तसा निरोप तिने दिलाही. हन्नाबाईंनी तो ऐकला नाही, उपास कसा धरायचा ते धरणाऱ्याने ठरवायचं म्हणाल्या. पण खरा फरक आईतच पडला. डबा घरात परत आला होता, तरी तोवर ती अर्धा कप उरवायचीच. त्या दिवसापासून तिने कपात थेंब ठेवला नाही. एकादशीच्या दिवशी तर कप हातात घेऊन आधी खिडकीतून हन्नाबाईंच्या घराकडे बघायची आणि मग औषधासारखा घटाघटा संपवायची. एकदा गुठळी राहिली म्हणून मी ओतून द्यायला घेतला, तर माझ्या हातातून ओढून घेतला. "तिकडे ती बाई पाण्यावाचून वणवण करते आहे आणि मी हे मोरीत ओतू?" गुठळी चावून खाल्ली. जास्वंद त्या वर्षी वाळली, असं नाना म्हणायचे.

आठ महिने हे चाललं. वजनाचा काटा आधी हलेना, मग हलला. पावसाळा संपता संपता आई स्वतःच्या पायांनी चालत दवाखान्यात गेली. डॉक्टरांनी इंजेक्शनं बंद केली तेव्हा हन्नाबाईंनी पिशवी आवरत विचारलं, "येत्या एकादशीचं काय, वहिनी?" आई म्हणाली, "आता माझी मी धरीन." हन्नाबाई म्हणाल्या, "बरं झालं. मला फार भूक लागायची हो." विचारलं नसताना त्या स्वतःबद्दल काही बोलल्याचं मी तेवढंच एकदा ऐकलं.

त्यानंतर माझं लग्न झालं, मी पेणला गेले. बेने इस्रायलांची घरं एकेक करून रिकामी होऊ लागली. कुणी मुंबईला, बरेचसे इस्रायलला. हन्नाबाईही पुढे भाच्यांबरोबर गेल्या. त्या निघाल्या तेव्हा मी पनवेलात नव्हते, बाळंतपणात अडकले होते. त्यामुळे माझ्या डोळ्यांपुढे त्यांचं जे शेवटचं दर्शन आहे ते त्याच्या आदल्या वर्षीचं.

त्यांच्या पोटाचं मोठं ऑपरेशन झालं होतं. मी माहेरी आले होते. एका दुपारी स्वयंपाकघरात डोकावले तर आई माल्टचा डबा खणत होती, त्याच उलथन्याच्या टोकाने. डॉक्टरांनी हन्नाबाईंना थोडं थोडं, दर दोन तासांनी पोटात काहीतरी जाऊ द्या म्हणून सांगितलं होतं. आणि नेमका त्यांचा किपूरचा दिवस आला होता. तो त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा उपास. त्या दिवशी ती माणसं पांढरी वस्त्रं नेसतात, दार लावून घेतात, बाजारातले लोक ज्याला इस्रायलांची मशीद म्हणतात त्या त्यांच्या देवळात दिवसभर प्रार्थना करतात. हन्नाबाईंना तिथवर चालवत नव्हतं. पण उपास सोडणार नाही म्हणून हट्ट. भावजयीने रडून सांगितलं, त्यांच्या माणसांनी शास्त्र काढून दाखवलं. काही नाही.

आईने कप पदराखाली झाकला आणि आम्ही दोघी गेलो. भावजयीने दार किलकिलं केलं. हन्नाबाई पांढऱ्या पातळात पलंगावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा खडूसारखा.

आई स्टूल ओढून बसली. "आजारी माणसाने उपास धरला तर पाप, असं मला कोण म्हणालं होतं?"

"मीच," हन्नाबाई म्हणाल्या. "पण हे सोडवत नाही हो, वहिनी. लहानपणापासून एकदा चुकलेला नाही."

"चुकत नाहीये. मी धरलाय." आईचे ओठ कोरडे पडले होते. मला सकाळपासून संशय येत होता, तिने चहासुद्धा घेतला नव्हता. "काल संध्याकाळपासून. पाण्याशिवाय, तुमच्या पद्धतीने. चांदण्या दिसेपर्यंत धरते. तुम्ही हे घ्या."

हन्नाबाई आईकडे बघतच राहिल्या. डोळे भरून आले, ते पुसलेही नाहीत.

आईने कप पुढे केला आणि एकदम थबकली. खरंच काळजीने, अगदी हळू विचारलं, "चालतं ना हो तुमच्यात, दुसऱ्याने धरलेलं?"

हन्नाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. फाटकापाशी मला दिलेलं उत्तर त्यांनाही आठवत होतं आणि मलाही. पलंगाच्या पायाशी भावजय उभी होती, तिने मान खाली घातली. मग हन्नाबाईंनी आईच्या हातातला कप दोन्ही हातांनी घेतला.

"चालतं," त्या म्हणाल्या, आणि प्यायल्या.

मी तोंड उघडलं नाही. मला कुणी विचारलं नव्हतं.